जलरेषेच्या वरची फट
घरातील मत्स्यपेटीची डागडुजी : केव्हा करावी, कशी करावी आणि केव्हा हात आखडता घ्यावा

दिवाणखान्यातील मत्स्यपेटी ही आता केवळ श्रीमंतांच्या घरची शोभा राहिलेली नाही. बडोद्याच्या जुन्या वाड्यांत काय, इंदूरच्या सदनिकांत काय किंवा बेळगावच्या कौलारू घरांत काय, दोन फूट लांबीची काचेची पेटी, तिच्यातील चार सोनमासे आणि हवेच्या पंपाची मंद घरघर हे दृश्य आपल्या परिचयाचे झाले आहे. पाण्यातील वनस्पती आणि मासे एकमेकांस पूरक ठरून काचेच्या भांड्यात दीर्घकाळ जगू शकतात, हे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांच्या साहाय्याने दाखवून दिले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले, आणि ते पाहून परतलेल्या कितीतरी बालगोपाळांनी घरी मासे पाळण्याचा हट्ट धरला असेल!

पूर्वीच्या पेट्या लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून, लांबीने सांधून तयार होत. चौकट गंजे, लांबी वाळून तडके, आणि पेटी गळू लागे. पुढे सिलिकॉनचा चिकट रबरासारखा पदार्थ आला आणि चौकटीची गरजच संपली. आज आपल्या घरात असलेली पेटी म्हणजे पाच काचा आणि त्यांना धरून ठेवणारे सिलिकॉनचे सांधे, एवढाच सारा कारभार आहे. म्हणूनच त्या सांध्यात कोठे फट दिसली की मनात धस्स होते. फट पाण्याखाली असेल तर पाणी स्वतःच तिची वर्दी देते. परंतु ती पाण्याच्या पातळीच्या वर, वरच्या कोपऱ्यात असेल तर? पाणी गळत नाही, मासे आनंदात आहेत, मग तिकडे लक्ष द्यावे की न द्यावे? या लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

दाबाचा थोडा हिशेब

प्रथम पाण्याचे सामर्थ्य ध्यानात घेऊ. पेटी ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे, आणि तिच्यात ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी आहे, असे समजा. हे पाणी ५४ लिटर, म्हणजे वजनाने ५४ किलो भरते. पाण्याचा दाब पृष्ठभागाशी शून्य असतो आणि खोलीबरोबर वाढत जातो. तळाशी तो दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम होतो. सरासरी धरली १५ ग्रॅम. समोरच्या काचेचे पाण्याखालील क्षेत्रफळ १,८०० चौरस सेंटिमीटर. अर्थात त्या काचेला बाहेर ढकलणारा एकूण जोर सुमारे २७ किलो. एखादे आठ-नऊ वर्षांचे मूल त्या काचेला अहोरात्र रेलून बसावे, तसा हा प्रकार आहे.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली दिलासा देणारी : जलरेषेच्या वर पाण्याचा दाब नाही, म्हणून तेथील फटीतून पेटी आज रात्री फुटेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. दुसरी सावध करणारी : पाणी वरपर्यंत पोहोचत नसले तरी ताण पोहोचतो. खाली आणि दोन्ही बाजूंना काच जखडलेली असते, वरची कड मात्र मोकळी असते. त्यामुळे काच बाहेर झुकते ती मुख्यतः वरच्या भागात. हा झोक आवरण्यासाठीच मोठ्या पेट्यांना वरून आडव्या काचपट्ट्या चिकटवलेल्या असतात. सांध्याचे वरचे टोक एकदा उकलू लागले की उकल हळूहळू खाली सरकू शकते. शिवलेल्या कापडाचा टाका एका टोकाला सुटला, तर पुढचे टाके ओढीने सुटत जातात, हे आमच्या भगिनींना सांगायला नकोच.

फट कोणत्या जातीची?

फट दिसताच सिलिकॉनची नळी घेऊन धावण्यापूर्वी ती नीट पाहावी. पेटीच्या प्रत्येक कोपऱ्यात सिलिकॉनचे दोन थर असतात. एक थर काचेच्या कडेत आणि दुसऱ्या काचेत, अगदी पातळ असा. पेटीला खरोखर धरून ठेवतो तो हाच. दुसरा आतल्या कोपऱ्यात ओढलेला गोलसर थर. तो पहिल्याचे पाण्यापासून, शेवाळ खरवडण्याच्या पात्यापासून रक्षण करतो. कोणता थर उणा आहे यावर सारे अवलंबून आहे.

पहिला प्रकार असा की आतला गोलसर थर वर दोन-तीन बोटे अपुरा आहे किंवा त्याची कड सुटून लोंबते आहे, परंतु काचांमधला थर अखंड आहे. बाहेरून विजेरीचा झोत टाकून पाहिल्यास अखंड सांधा एकसारखा काळा किंवा पारदर्शक दिसतो; सुटलेला भाग पांढरट, चंदेरी किंवा बुडबुड्यांनी भरलेला दिसतो. हा प्रकार सर्वांत सौम्य. पाण्याची पातळी फटीच्या दोन बोटे खाली राहत असेल तर वर्षानुवर्षे काही होणार नाही. तथापि सुटलेली कड खाली सरकत नाही ना, यावर लक्ष हवे. बाहेरच्या बाजूने काचेवर पेन्सिलीची किंवा शाईची बारीक खूण करून ठेवावी आणि महिन्याने पुन्हा पाहावे.

दुसऱ्या प्रकारात काचांमधला थरच वरच्या टोकाला उघडा पडलेला असतो. कागदाची पातळ पट्टी फटीत सरकवून पाहावी. ती आरपार गेली तर हा दुसरा प्रकार. याची डागडुजी करणेच इष्ट.

तिसरा प्रकार गंभीर. वरची आडवी काचपट्टी सुटली आहे, किंवा भरलेल्या पेटीच्या वरच्या कडेला सरळ पट्टी लावली असता काच मध्यभागी स्पष्टपणे बाहेर आलेली दिसते. येथे फट बुजवून काहीही साधत नाही. पाणी तत्काळ निम्म्यावर आणावे आणि जाणत्या काच-कारागिराला दाखवावे.

ही फट पडते तरी का? बहुतेकदा पेटी हलवताना. वरची कड हाताला सोयीची वाटते म्हणून तिला धरून पेटी उचलली जाते. कधी आळसाने तळाला चार बोटे पाणी ठेवून ती सरकवली जाते. दोन्ही गोष्टी सांध्याला पिळवटून टाकतात. रिकामी पेटीही नेहमी तळाखाली हात घालूनच उचलावी. मेज सपाट नसणे हे दुसरे कारण. तिसरे कारण आपल्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात ग्वाल्हेर-इंदूरकडे पाणी भराभर उडते, आपण वरून पुन्हा भरतो, आणि उडालेल्या पाण्यातील क्षार मागे राहून जलरेषेवर पांढरी पुटे चढतात. ती सिलिकॉनच्या सुटलेल्या कडेखाली शिरली की कड पुन्हा काचेला टेकत नाही.

वरच्या फटीचे भाग्य

आता एक महत्त्वाची गोष्ट. वाळून पक्क्या झालेल्या जुन्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट चिकटत नाही. काचेला ते घट्ट धरते, जुन्या थरावर मात्र नुसते बसते. म्हणून पाण्याखालच्या गळतीवर वरून ठिगळ लावणे बहुधा व्यर्थ जाते. तेथे आतला संपूर्ण थर चारही बाजूंनी काढून नव्याने ओढावा लागतो. जलरेषेच्या वरची फट या नियमाला सुदैवी अपवाद आहे. तेथे नव्या-जुन्याचा जोड पाण्याबाहेर राहतो, त्यावर दाब येत नाही, आणि म्हणून थोडक्यात केलेली दुरुस्तीही टिकते. मात्र जोडाची जागा जलरेषेच्या वरच राहील हे पाहिले पाहिजे. त्यासाठी पाण्याची नेहमीची पातळी बोटभर कमी करावी लागली तरी चालेल. माशांना त्याचे काही वाटत नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची बदली इंदूरहून बडोद्यास झाली, तेव्हा सामानाबरोबर पेटीही आली. मागच्या कोपऱ्यात, वरून चार बोटे, आतला थर सुटला होता. दुकानदाराने नवी पेटी घेण्याचा सल्ला दिला आणि घरातील तरुण मंडळींनाही तो पटला. पण आजींची दुपार त्या पेटीसमोर जाई. मोतीबिंदूमुळे वाचन सुटलेले, पण तांबड्या माशांची हालचाल दिसे. 'नवी आणाल तेव्हा आणा, पण ही का टाकता? हिचे मोडले तरी काय?' हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. विजेरीने तपासल्यावर काचांमधला सांधा अखंड निघाला. दुरुस्तीला एक नळी सिलिकॉन, एक ब्लेड आणि आठवडाभराचा धीर, एवढेच लागले. वस्तू टाकण्यापूर्वी तिचे नेमके काय बिघडले आहे हे विचारण्याची ही सवय आपल्या आधीच्या पिढीकडून घेण्यासारखी आहे.

साहित्य

सिलिकॉन घेताना चोखंदळ असावे. न्हाणीघराच्या फरशीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये पुष्कळदा बुरशीनाशक मिसळलेले असते. ते माशांना घातक. वेष्टनावर मत्स्यपेटीसाठी योग्य असा स्पष्ट उल्लेख असलेले, शंभर टक्के सिलिकॉन असलेले आणि बुरशीनाशक नसलेलेच घ्यावे. काढताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा प्रकार यासाठी सर्रास वापरला जातो. तो वास वाळताना बाहेर पडणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा असतो. नळीवरील मुदतीची तारीख पाहावी. जुने सिलिकॉन नीट वाळत नाही. रंगकामाची लांबी, नळदुरुस्तीची दोन गोळ्यांची माती किंवा झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. हे पदार्थ वाळून कडक होतात, काच मात्र पाण्याच्या भाराने किंचित लवत असते. लवचीक सांध्यात कडक पदार्थ टिकत नाही.

याखेरीज नवे धारदार ब्लेड, कागदी चिकटपट्टी, सुती पांढऱ्या चिंध्या, थोडे व्हिनेगर, औषधाच्या दुकानातील आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रबरी हातमोजे एवढे जवळ असू द्यावे. नखांचे रंग काढण्याचे द्रव चालत नाही. त्यात बहुधा तेल आणि सुगंध असतात.

माशांची तात्पुरती सोय

मासे पेटीत ठेवूनही हे काम करणारे लोक आहेत. आमचा सल्ला मात्र त्यांना हलवण्याचाच आहे. आंबूस वाफ, अल्कोहोलचे थेंब आणि खरवडलेले तुकडे यांपैकी काहीही पाण्यात पडणे बरे नव्हे. साबण न लागलेला मोठा प्लॅस्टिकचा टब घ्यावा, त्यात पेटीतलेच पाणी भरावे, हवेचा पंप लावावा आणि वरून जाळी किंवा विरळ कापड बांधावे. टब सावलीत ठेवावा. खाणे निम्म्याहून कमी द्यावे आणि रोज पाव भाग पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे. परंतु जेथे पाण्यात क्लोरामाइन वापरतात तेथे ती पुरत नाही, दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब वापरावेत.

गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये आणि वाळूही देऊ नये. माशांच्या मलमूत्रातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू त्या स्पंजात राहतात. तो टबातच चालू ठेवावा. दुरुस्ती उत्तम झाली आणि मासे मात्र आठवड्याने दगावले, अशा हकिकतींच्या मुळाशी बहुधा हा वाळलेला स्पंज असतो.

कृती

सर्वप्रथम विजेची सर्व बटणे बंद करून प्लग काढावेत. मग पाणी निदान निम्म्यावर आणावे. लहान पेटी पूर्ण रिकामी केलेली उत्तम. टोपण उघडे ठेवून वरचा भाग कोरडा होऊ द्यावा.

फटीच्या जागेचा आणि तिच्या खाली सुटलेला दिसेल तेवढाच आतला थर ब्लेडने काढावा. ब्लेड काचेला जवळजवळ सपाट धरावे आणि दोन काचांच्या मध्ये कदापि घालू नये. तेथला चांगला थर कापला गेला तर लहान दुखण्याचे मोठे होईल. राहिलेला अंश खरवडून टाकावा. पांढरी पुटे असतील तर व्हिनेगरने भिजवलेली चिंधी पंधरा मिनिटे लावून ठेवावी, पुटे पुसून काढावीत, साध्या पाण्याने पुसावे आणि पूर्ण कोरडे करावे. नंतर अल्कोहोलने दोनदा पुसावे. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ शेगडी, निरांजन, उदबत्ती नसावी. यानंतर त्या जागेला उघडे बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणाही सिलिकॉनला चालत नाही.

कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना, कोपऱ्यापासून अर्ध्या सेंटिमीटरवर, चिकटपट्टी लावावी. नळीचे तोंड तिरपे कापावे आणि ते पुढे ढकलत न्यावे, म्हणजे सिलिकॉन फटीत दाबले जाते. नुसते ओढत नेल्यास वरच पसरते आणि आत हवा राहते. हातमोजा घातलेल्या बोटाने वरून खाली एकाच फटकाऱ्यात थर गुळगुळीत करावा. पुनःपुन्हा बोट फिरवण्याचा मोह टाळावा, कारण पाच-दहा मिनिटांत वर साय धरते. गुळगुळीतपणासाठी साबणाचे पाणी वापरू नये. थर ओला असतानाच चिकटपट्टी सावकाश काढून घ्यावी.

यापुढचे काम धीराचे. सिलिकॉन हवेतील बाष्प शोषून बाहेरून आत असे वाळते. दिवसाकाठी साधारण दोन-तीन मिलिमीटर. दमट पावसाळ्यात ते लवकर आणि उत्तरेकडील कोरड्या थंडीत उशिरा पक्के होते. वरून कोरडे लागले म्हणून फसू नये. पातळ थराला तीन दिवस आणि जाड थराला आठवडा द्यावा. आंबूस वास पूर्ण गेला, ही चांगली खूण.

मग पेटीखाली आणि भोवती वर्तमानपत्राचा कागद पसरून पाणी टप्प्याटप्प्याने भरावे. परीक्षेपुरते ते नेहमीपेक्षा दोन बोटे वर आणून एक दिवस ठेवावे. कागद कोरडा राहिला, बाहेरून सांध्यावर फिरवलेला टिपकागद कोरडा निघाला, म्हणजे पातळी पुन्हा नेहमीवर आणून मासे सोडावेत. हे सगळे मुलांना पाहू द्यावे. पेन्सिलीच्या खुणा, कागद तपासणे, वास घेऊन 'अजून वाळले नाही' असा निवाडा देणे ही कामे त्यांच्यावर खुशाल सोपवावीत.

टोपणाखालची फट

जलरेषेच्या वर आणखी एक फट असते, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. ती म्हणजे काच आणि टोपण यांच्यामधली. वायर आणि नळ्या जाण्यासाठी मागे ठेवलेल्या दोन-तीन इंचांच्या खाचेतून गप्पी, झेब्रा, फायटर यांसारखे मासे उडी मारून बाहेर पडू शकतात. सकाळी जमिनीवर वाळलेला मासा पाहून मूल हिरमुसते, आणि दोष मांजरीवर जातो! त्याच वाटेने पाली आणि झुरळेही आत येतात.

ही फट सिलिकॉनने बुजवू नये. टोपण उघडता आले पाहिजे, हवा खेळती राहिली पाहिजे. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागावरूनच, आणि फायटर, गुरामी हे मासे तर वर येऊन प्रत्यक्ष हवा घेतात. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी वायरीपुरत्या खाचा कापून बसवावी, किंवा बारीक छिद्रांची प्लॅस्टिकची जाळी लावावी. धातूची जाळी गंजते, ती नको. थंडीत अशा पट्टीमुळे पाण्यावरची हवा उबदार आणि दमट राहते, ते या दोन जातींना मानवते; उन्हाळ्यात पाणीही कमी उडते.

वायरीबाबत एक सूचना प्राणमोलाची आहे. खाचेतून बाहेर आलेली वायर सरळ प्लगकडे नेऊ नये. ती आधी प्लगच्या पातळीखाली लोंबती सोडून मग वर न्यावी. तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या खालच्या वळणावरून जमिनीवर पडते, प्लगमध्ये शिरत नाही. घराच्या विजेच्या जोडणीवर ३० मिलिॲम्पियरचा गळतीरोधक खटका नसेल, तर मत्स्यपेटी असलेल्या घराने तो अवश्य बसवून घ्यावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढणे हा नियम तरीही पाळायचाच.

केव्हा हात आखडता घ्यावा

काचेलाच तडा असेल, फट एकाहून अधिक कोपऱ्यांत असेल, बाहेरच्या बाजूस क्षारांची रेघ खालपर्यंत उतरलेली असेल किंवा पेटी चार फुटांहून मोठी असेल, तर घरगुती दुरुस्तीच्या भरीस पडू नये. अशा पेटीतील पाणी दोन-अडीचशे लिटरांपर्यंत जाते. ते एकदम जमिनीवर आले तर प्रश्न केवळ माशांचा उरत नाही. खालच्या मजल्याचे छत, भिंतीतील वीज आणि आसपास खेळणारी मुले यांचा तो प्रश्न होतो.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, घरातील मत्स्यपेटीचे चारही कोपरे विजेरीने तपासण्याचा परिपाठ ठेवावा. फट वर असते तोवर ती अर्ध्या तासाच्या कामाची असते.